घेईल तेवढा गूळ

आजीच्या वहीत अनारशांची कृती जेमतेम पाच ओळींची आहे. तांदूळ एक शेर, जुने. तीन दिवस भिजत घालणे, पाणी रोज बदलणे. उपसून सावलीत पसरणे, ओलसर असतानाच कांडणे, चाळणे. गूळ घेईल तेवढा. तुपात मंद तळणे, उलटू नये. संपलं. वही म्हणजे आजोबांच्या किराणा दुकानातली अर्धी वापरलेली खतावणी. पुढच्या पानांवर गावाची उधारी आणि मागच्या पानांवर, वही उलटी धरून लिहिलेले, आमच्या घरचे सगळे सण.

'एक शेर'च्या खाली आईच्या अक्षरात पेन्सिलीनं '930 ग्रॅ.' असं लिहिलेलं आहे. शेर म्हणजे 80 तोळे. 1962 पासून देशभर किलो-ग्रॅमची वजनं सक्तीची झाली आणि आई या घरात आली ती त्यानंतर. तिच्या फडताळात शेराचं माप आलंच नाही. मग तिनं तोळ्यांचा हिशेब करून ग्रॅम बसवले. चिरोट्याच्या मैद्याचे बसवले, बेसनाच्या तुपाचे बसवले, चकलीच्या भाजणीतल्या एकेका डाळीचे बसवले. पण 'घेईल तेवढा'च्या खाली तिनं काहीच लिहिलं नाही. वाण्याकडची अर्धा किलो साखरसुद्धा घरी आणून पुन्हा तोलणारी बाई ती. त्या दोन शब्दांना तिनं पेन्सिल लावली नाही.

मला हे कित्येक वर्षं खटकत असे. आमच्या घरात 'रुचिरा' होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 साली आलं. त्यांनी वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक सांगितला आणि नोकरीपायी गाव सुटलेल्या, सासू-आई जवळ नसलेल्या मुलींना केवढा आधार मिळाला! माझ्याही संसाराची पहिली वर्षं त्याच भरवशावर गेली, त्या पुस्तकाचे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच वाटायचं, कमलाबाईंना जमलं ते आजीला का जमू नये? किती गूळ, एवढं तरी लिहून ठेवायचं होतं.

2023 साली अधिक श्रावण आला. लेकीच्या लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं. ही तूट साठत साठत साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास एक जास्तीचा महिना पंचांगात येतो. जावयाला 33 अनारशांचं वाण देतात तेही याच हिशेबानं, असं आमच्याकडे सांगत आले आहेत. वाणाला पदार्थ जाळीदारच हवा, अनारसा नाहीतर बत्तासा. लेक-जावई सुट्टीला दुबईहून येणार होते. आईला जाऊन चार वर्षं झाली होती आणि अनारशाचं पीठ मी पहिल्यांदाच एकटीनं करत होते.

बाहेर पावसाची झड लागलेली. तीन दिवस तांदूळ भिजवले. तिसऱ्या दिवशी पाण्याला तो ओळखीचा आंबूस वास आला, तेव्हा वाटलं, जमतंय. उपसून पंचावर पसरले, वर पंखा लावला. मिक्सरमधून काढले, मैद्याच्या चाळणीनं चाळले. मग तराजूवर पीठ ठेवलं आणि पिठाइतकाच गूळ, अगदी काटेकोर, किसून मिसळला. गोळा करून डब्यात ठेवला. पाच दिवसांनी लिंबाएवढी गोळी घेतली, खसखशीवर थापली, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडली.

क्षणभर ती गोल होती. मग कडेनं एक भेग गेली, तिला दुसरी फुटली, मधे भोक पडलं, ते रुंदावत गेलं आणि बघता बघता त्या गोलाचा तुपात भुगा झाला. तांबूस कणांचा नुसता गाळ आणि वर तरंगणारी खसखस. अनारसा हसला, असं म्हणतात याला. लहानपणी आई तसं म्हणाली की आम्ही भावंडं ताटल्या घेऊन धावायचो, कारण हसलेले अनारसे नैवेद्याला चालत नसत, ते मुलांचे. त्या दिवशी मी दुसरा सोडला, तिसरा सोडला. तिन्ही हसले. वाण चार दिवसांवर होतं. ओट्याशी उभी राहून मी रडले. पीठ वाया गेल्याचं रडू नव्हतं ते. आई असती तर, एवढंच सारखं मनात येत होतं.

कराडला आत्याला फोन लावला. आत्या तेव्हा चौऱ्याऐंशीची. आजीच्या हाताखाली तांदूळ कांडलेली एवढी एकच उरलेली माणूस. मी म्हटलं, "आत्या, सगळे हसतायत."

"किती गूळ घातलास?"

"पिठाबरोबर. वजनानं."

"बरं. आणि तांदूळ कितपत वाळले होते?"

मी म्हटलं, पाऊस आहे, पंख्याखाली दोन तास ठेवले होते. ती जरा थांबली. म्हणाली, "तास नको सांगूस गं. मुठीत धरलेस का? तांदूळ मुठीत आवळायचे आणि मूठ उघडायची. तळव्याला चिकटून राहिले तर ओले आहेत. खळकन सांडले तर वाळून गेले. चार दाणे चिकटले आणि बाकीचे पडले, की लगेच कांडायला घ्यायचे."

असा मुठीचा उल्लेख वहीत कुठेही नाही. पण आत्या बोलत होती आणि मला आईचा हात दिसत होता. पंचावरून तांदूळ उचलणारा, मूठ मिटणारा, उघडणारा, मग तळवा चुलीवरच्या उजेडाकडे धरून बघणारा. दर दिवाळीत मी ते पाहिलं होतं. ती तांदळाशी चाळा करते आहे, असं समजून पाहिलं होतं.

मग आत्यानं विचारलं, "पिठी राखून ठेवली आहेस ना, कोरडी?"

"कसली पिठी?"

"अगं, गूळ घालायच्या आधी दोन मुठी पीठ बाजूला काढायचं. हसले तर त्यातलं घालायचं. वहिनीनं नाही सांगितलं तुला?"

वहिनी म्हणजे माझी आई. नव्हतं सांगितलं. कधी विचारलंच नव्हतं मी. हसलेल्या अनारशांची ताटली घेऊन बाहेर पळत होते, तेव्हा आत आई डब्यातून कोरडी पिठी काढून पुढचा घाणा सावरत असणार.

त्या रात्री वाटीभर तांदूळ नव्यानं भिजवले. आत्या म्हणाली, दुरुस्तीपुरते आहेत, एक दिवस पुरे. दुसऱ्या दिवशी दुपारी मुठीत धरून पाहिले, चार दाणे चिकटले. त्यांची पिठी करून जुन्या गोळ्यात मुरवली आणि पुन्हा दोन दिवस डबा उघडला नाही. चौथ्या दिवशी पहिला अनारसा तुपात पडला, फुगला, कडेपासून मध्यापर्यंत जाळी उठली आणि तो आख्खा राहिला. झाऱ्यानं कडेचं तूप त्याच्यावर उडवत राहिले. चाळणीत तिरका उभा करून ठेवला तेव्हा तूप निथळताना खालच्या ताटलीत पडणाऱ्या थेंबांचा आवाज मला ऐकू येत होता. 33 झाले. वर दोन हसलेले.

नंतर कितीतरी दिवस मी आजीच्या त्या दोन शब्दांचा विचार करत होते. अनारशाच्या पिठात पाण्याचा थेंब घालत नाहीत. तांदळाच्या अंगात जी ओल राहते तिच्यावरच गूळ विरतो, आणि विरलेला गूळच पिठाला धरून ठेवतो, कारण तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. ओल जास्त राहिली, गूळ वरचढ झाला, की तुपात गूळ वितळतो आणि पिठाला धरणारं काही राहत नाही. ओल कमी पडली तर अनारसा दगड होतो. आता ही ओल कशावर ठरते? तांदूळ जुना किती, हवा कशी, पंचा सुती की टेरिकॉटचा, उन्हाची तिरीप आली का. आश्विनातल्या कोरड्या हवेत पीठ जेवढा गूळ घेतं तेवढा श्रावणातल्या झडीत घेत नाही. गूळही दर वेळी तोच नसतो. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या बाजारात नव्या गुळाचे सौदे निघतात, पण अनारशाचं पीठ त्याआधी आठ दिवस झालेलं असतं, म्हणजे आजीच्या हाताशी असायचा तो गेल्या हंगामाचा, पावसाळा खाऊन पाझरलेला गूळ. अशा गुळाला ग्रॅम लावून ती काय लिहिणार होती? तिनं एक आकडा लिहिला असता तर तो एका दिवाळीपुरता खरा ठरला असता. 'घेईल तेवढा' हे दर दिवाळीत खरं आहे. आई हिशेबाची पक्की होती, म्हणूनच तिला ते कळलं आणि तिची पेन्सिल तिथे थांबली. माझा तराजू मात्र थांबला नाही.

एक गोष्ट आत्यानं त्याच फोनवर सांगितली. 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायचा, तांदळाची मारामार. त्या दिवाळीत आजीनं चार मुठी तांदूळ कुठून तरी राखून ठेवले होते. पाच अनारसे झाले. घरात माणसं अकरा. लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य झाल्यावर तिनं पाचही अनारसे मोडले आणि मोडलेले तुकडे सगळ्यांच्या पानात वाढले. धाकट्या काकांनी विचारलं, आई, सगळेच हसले का गं? आजी हो म्हणाली. आत्या हे सांगताना थांबली, आणि मीही फोनवर काही बोलले नाही.

लेकीनं गेल्या दिवाळीत दुबईत स्वतः अनारसे करायचं ठरवलं. मी पीठ पाठवते म्हटलं, तर म्हणाली, नको, मला तांदूळ मुठीत धरून बघायचे आहेत. अडचण आली ती खसखशीची. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. तिकडे ते जवळ बाळगणंच गुन्हा आहे. मागे फराळाच्या डब्यातून अनारसे पाठवायचे ठरले होते, तेव्हा ऐन वेळी हे लक्षात आलं आणि मी ते काढून ठेवले होते, त्याचं मला वाईट वाटलं होतं. खसखशीशिवाय अनारसा ही कल्पनाच मला सोसत नव्हती. लेक म्हणाली, आई, तीळ लावते. माझ्या ओठांवर 'नको' आलं होतं, पण आत्या म्हणाली, लाव की. तिच्या यजमानांची नोकरी काही वर्षं बिहारात होती, तिकडे अनरसा तिळाचाच करतात, गयेला तर दुकानादुकानांतून रचलेला असतो. "त्यांचीही दिवाळीच असते," आत्या म्हणाली. मला एकदम हलकं वाटलं. आपल्या घरचा म्हणून मी जो पदार्थ इतका घट्ट धरून बसले होते, तो कितीतरी घरांतून, कितीतरी नद्या ओलांडून फिरलेला होता, आणि तरी आमचाच होता.

तळायच्या दिवशी लेकीनं व्हिडिओ कॉल लावला. मी पुण्यात, ती दुबईत, आत्या कराडला नातवाच्या फोनवर. आत्याला हल्ली डोळ्यांनी नीट दिसत नाही. पडद्यावरची कढई तिला दिसेना. ती म्हणाली, "पोरी, मला दाखवू नकोस. फोन कढईजवळ धर, पण जपून."

लेकीनं धरला. दोन मुठी कोरडी पिठी एका वाटीत झाकून ठेवलेली मला पाठीमागे दिसली. पहिला अनारसा तुपात पडला. सळसळ असा मोठा आवाज झाला, तूप उसळल्यासारखं. आत्यानं डोळे मिटले.

"आत्याआजी, काढू?"

"थांब. अजून बोलतोय तो."

मी माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, हातातला झारा तसाच. आवाज बारीक होत गेला. सळसळीची तडतड झाली, तडतडीत अंतर पडू लागलं. अनारसा हसला की नाही, हे कुणीच बघत नव्हतं, लेकीनंही डोळे मिटले होते. मग तूप जवळजवळ गप्प झालं.

"हं," आत्या म्हणाली. "आता घे झाऱ्यावर."