आवडते, जमते आणि मानवते



हिंदी लेखांचे मराठी करताना एका साध्या शब्दप्रयोगावर मी परवा अडले. 'काम रास आना'. घरात मराठी आणि अंगणाबाहेर हिंदी, अशा पाटनच्या वातावरणात वाढूनही नेमका शब्द सुचेना. मग लक्षात आले की आपल्याकडे त्यासाठी एक नव्हे, तीन शब्द आहेत. काम आवडते, काम जमते आणि काम मानवते. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून चौथाही जोडते : काम परवडते.

आपण नोकरी शोधतो तेव्हा यांतला कोणता प्रश्न स्वतःला विचारतो? आमच्या भागात बहुतेक वेळा चौथाच. पाटनच्या मागच्या पिढीला चांगली नोकरी म्हणजे जबलपूरची फॅक्टरी. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची. तिथे चिकटला की आयुष्याची काळजी मिटली, असा हिशेब. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ जाऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या, आणि 'कायमचे' या शब्दाविषयी घरोघरी चर्चा सुरू झाली. तरीही परवडण्याला मी कमी लेखणार नाही. ज्याच्या घरी कर्जाचा हप्ता आहे त्याला आवडीचे प्रवचन देऊ नये.

आपल्यापैकी अनेकांना इथे गीतेतला स्वधर्म आठवेल : दुसऱ्याचे काम उत्तम करण्यापेक्षा आपले काम उणे असले तरी श्रेयस्कर. अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहणारे सावता माळी आठवतील. पण जरा थांबूया. सावतोबांनी मळा निवडला नव्हता, तो जन्माने मिळाला होता. त्यांनी त्याचे सोने केले, ही त्यांची थोरवी; व्यवस्थेची नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले, म्हणजे आम्हा कॉमर्सवाल्यांचेच गुरुजी. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी दाखवून दिले की जन्मावरून काम ठरले की माणसाचा कल आणि कुवत कोणी विचारतच नाही, आणि मन नसलेल्या कामात कौशल्यही येत नाही. म्हणून स्वधर्म म्हणजे बापाचा धंदा, असा अर्थ आपण तरी लावू नये.

मग आपले काम ओळखायचे कसे? लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मला इथे धीर देते. १८६९ चा जन्म. चित्रकलेची आवड, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळले की डोळ्यांना रंगांतला फरक नीट दिसत नाही. आवड होती, पण जमणारे नव्हते. पण हातातली रेघ शाबूत होती. ते यांत्रिक रेखाचित्राकडे वळले, मुंबईच्या तंत्रशाळेत शिकवू लागले. पुढे बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या व्यवसायात उतरले. मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना धास्ती, त्यामुळे सुरुवातीला नांगर खपेनात. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. रंग गेले म्हणून चित्रकला गेली, पण रेघ शेवटपर्यंत कामी आली. आपण एक दार बंद झाले की सगळी आवडच मोडीत काढतो, हे मला पटत नाही.

आता 'मानवते'विषयी. हा शब्द आपण अन्नासाठी, हवापाण्यासाठी वापरतो. ताटातले चविष्ट असते, पचतेही वाटते, आणि रात्री झोप लागत नाही.

आमच्याकडे थंडीत मटारचा हंगाम असतो. गेल्या हंगामात मी एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला जात होते. काम आवडत होते. बेरजा जुळल्या की मला खरोखर आनंद होतो. जमत होते. कॉलेजची फी निघत होती, म्हणजे परवडतही होते. दुसऱ्या आठवड्यात माझ्यापुढे दोन वह्या आल्या. एकीत काट्यावरचे वजन, दुसरीत शेतकऱ्याला सांगायचे. दर पोत्यामागे थोडेसेच कमी. मी आणखी पाच दिवस लिहिले, हे आपल्यापासून लपवत नाही. त्या पाच दिवसांत सकाळच्या ध्यानाला बसले की पोती दिसायची. सहाव्या दिवशी गेले नाही. कारण विचारायला फोन आला तेव्हा परीक्षा आहे, असे सांगितले. तेही खरे नव्हते.

घरी वडील एवढेच म्हणाले, "सगळीकडे असंच असतं, बाळा." त्यांच्याशी वाद घालण्याइतके जग मी पाहिलेले नाही. पण पुढे ज्या कचेरीत बसायचे आहे तिथेही दोन वह्या निघाल्या तर काय, हा प्रश्न मी अभ्यासाच्या पुस्तकात शोधत असते आणि तो तिथे नसतो.

यंदा मटार निघायला लागल्यावर त्याच व्यापाऱ्याचा निरोप आला. मी या वेळी परीक्षेची सबब सांगितली नाही. एकच वही असेल तर सोमवारपासून येते, असे कळवले. ते म्हणाले, विचार करून सांगतो. आज बुधवार आहे.