जमिनीने ठरवलेले अंतर

पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात लांब पल्ल्याची ट्रायथलॉन करणारी मंडळी आता बरीच झाली आहेत. २०१९ मध्ये पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन शर्यत पहिल्यांदा झाली आणि हा खेळ घरचा वाटू लागला. या मंडळींत परदेशातल्या शर्यतीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोर्स फास्ट आहे का? म्हणजे चढ कमी, वारा कमी, पाणी शांत, रस्ता गुळगुळीत. प्रश्न विचारणाऱ्याचे मला समजते. वर्षभर पहाटे उठायचे, नोकरी सांभाळायची, रजा साठवायची, पैसे साठवायचे आणि एवढे करून पदरात पडणार एक वेळ. मग ती चांगली असावी, असे कोणाला वाटणार नाही? तरीही माझे मत उलट आहे आणि ते मी आग्रहाने मांडणार आहे. इतक्या लांबच्या शर्यतीला जायचे तर त्या जमिनीसाठी जावे. एखादा प्रदेश आपल्या शरीराने ओळखून घेण्याची जी थोडी साधने आज उरली आहेत, त्यांतले हे एक आहे.

माझे हे मत आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यात पक्के झाले. किलार्नी गावची हार्डमन ही शर्यत पूर्ण अंतराची आहे. लॉक लेन या सरोवरात ३.८ किलोमीटर पोहायचे, रिंग ऑफ केरी या रस्त्यावर १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी राष्ट्रीय उद्यानात मॅरेथॉनभर धावायचे. वेळेच्या हिशेबात ही जागा तोट्याचीच. पाणी थंड, रस्ता सतत वरखाली, वारा थेट अटलांटिकवरून येणारा आणि पाऊस केव्हाही.

किलार्नीचे सरोवर दोन खडकांच्या सांध्यावर आहे. एका बाजूला छत्तीस कोटी वर्षांहून जुन्या तांबूस वालुकाश्माचे डोंगर, दुसऱ्या बाजूला नंतरच्या काळातल्या चुनखडकाची सखल जमीन. डोंगरांवर हिमनद्यांनी ओरखडे काढले, दऱ्या कोरल्या आणि मधल्या खोलगटात पाणी साठले. हे सगळे मी जाण्याआधी वाचले होते. पाण्यात उतरल्यावर मात्र पहिल्या शंभर मीटरांत एकच गोष्ट कळते : थंडी. वेटसूट छाती-पोट राखतो. कपाळ, ओठ आणि तळवे उघडे राहतात आणि तिथून थंडी आत शिरते. श्वास आखडतो. तो आपल्या ताब्यात येईपर्यंत पुढे काही सुचत नाही. मग हळूहळू पाणी दिसू लागते. डोंगरावरच्या पीटमधून, म्हणजे कुजून दबलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीतून, झिरपून आल्यामुळे ते कोऱ्या चहासारखे तपकिरी आहे. हात पुढे टाकला की कोपरापर्यंत सोनेरी दिसतो आणि बोटांपाशी अंधार सुरू होतो.

पोहताना दर काही हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून दिशा पाहावी लागते. एवढ्या क्षणात दिसते ते तुकड्यातुकड्याने : नारिंगी बोया, पंधराव्या शतकातल्या रॉस कॅसलचा चौकोनी बुरूज, ढगात अर्धा गेलेला डोंगर. याच पाण्यात इनिसफॉलन नावाचे बेट आहे. तिथल्या जुन्या मठातल्या भिक्षूंनी मध्ययुगात आयर्लंडचा वर्षवार वृत्तांत लिहिला. ते बोटीने ये-जा करत; दुपारी हे पाणी वाऱ्याने कसे उसळते हे त्यांना ठाऊक असणारच. शर्यत पहाटे सुरू करण्यामागे इतर कारणांबरोबर तेही एक कारण असते, हे मला परतीच्या टप्प्यात, लाटा तोंडावर येऊ लागल्यावर कळले.

या खेळातली अंतरे कुठून आली, हे इथे सांगितले पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा तो गाभा आहे. ३.८, १८० आणि ४२.२ हे आकडे आज इतके पक्के झाले आहेत की ते एखाद्या प्रयोगशाळेत ठरले असावेत असे वाटते. ते ठरले हवाईतल्या ओआहू बेटावर. जॉन कॉलिन्स हे अमेरिकी नौदलातले अधिकारी. पोहणारे, सायकलवाले आणि धावणारे यांत सर्वांत तयारीचा कोण, या वादातून त्यांनी बेटावर आधीपासून असलेल्या तीन शर्यती एकामागून एक जोडल्या. वायकिकीच्या समुद्रातले पोहणे २.४ मैलांचे. बेटाला सायकलने घातलेली प्रदक्षिणा ११५ मैलांची. ती तीन मैलांनी कमी केली की होनोलुलू मॅरेथॉनच्या सुरुवातीच्या जागी आपोआप पोचता येई. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण निघाले, बारा जणांनी शर्यत पुरी केली, आणि गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांहून थोड्या जास्त वेळात पहिले आले. म्हणजे १८० किलोमीटर हा आकडा एका बेटाच्या किनाऱ्याची लांबी आहे, थोडी कातरलेली. मॅरेथॉनचे ४२.१९५ सुद्धा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षासमोरपर्यंत मोजले गेलेले अंतर. जगभर आज हे आकडे कुठल्याही गावावर बसवले जातात. रस्ता कमी पडला की त्याच पट्ट्यावर फेऱ्या मारायला लावतात.

केरीत फेऱ्या मारायला लागत नाहीत. इव्हेराह द्वीपकल्पाला वळसा घालणारा रिंग ऑफ केरी हा रस्ता मुळातच १७९ किलोमीटरचा आहे. हा निव्वळ योगायोग, पण त्यामुळे एका शर्यतीत एक अख्खा भूभाग पुरा होतो. गावामागून गाव येते : किलॉर्ग्लिन, ग्लेनबे, काहरसिवीन, वॉटरव्हिल, स्नीम, केनमेअर. एकाच जागी दोनदा जायचे नसते. आणि आकाराला अर्थ असतो. बसने फिरणाऱ्यालाही ही गावे त्याच क्रमाने भेटतात. त्याला न कळणारी गोष्ट म्हणजे वारा. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून वॉटरव्हिलपर्यंतचा अर्धा रस्ता त्याच्या तोंडावर कापायचा, मग कूमाकिस्ताची खिंड चढायची आणि पलीकडे वळल्यावर तोच वारा पाठीशी घ्यायचा. द्वीपकल्पाचा नकाशा मी कितीतरी वेळा पाहिला होता. त्याचे टोक कुठे आहे हे मला कळले ते वारा कानांवरून सुटून पाठीवर आला तेव्हा.

खिंडीआधीच्या एका थांब्यावर केळी वाटणाऱ्या वयस्क बाई होत्या. मी वाऱ्याबद्दल काहीतरी पुटपुटले. त्यांनी खिंडीच्या माथ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, “वरचा ढग सुटतोय बघ. तू चढून जाईपर्यंत पाऊस थांबेल. पण उतारावर सांभाळ, दुसऱ्या वळणाला पाणी साचतं.” पाऊस थांबला आणि दुसऱ्या वळणाला पाणी होते. माझ्या शरीराने त्या दिवशी जे कमावले ते त्यांच्याजवळ आयुष्यभराचे होते. शरीराने ओळखणे म्हणजे काय, याची पुढची पायरी मला त्या बाईंत दिसली. एका दिवसात आपण त्या पायरीपर्यंत पोचत नाही. ती आहे एवढे समजते.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. या रस्त्याचे सौंदर्य बरेचसे त्याच्या रितेपणात आहे. दगडी बांधांनी आखलेली, पण कोणी न कसलेली कुरणे. छप्पर गेलेली घरे. ग्लेनबेच्या पुढे समुद्रावर टांगल्यासारखा दिसणारा लोहमार्गाचा जुना पूल, ज्यावरून १९६० नंतर गाडी गेलेली नाही. १८४१ च्या शिरगणतीत केरीची लोकसंख्या २ लाख ९३ हजारांच्या वर होती. २०२२ मध्ये ती १ लाख ५६ हजार भरली. मधे १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. देशभरात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली, जवळजवळ तेवढीच जहाजांत बसून गेली आणि देश सोडून जाणे पुढे शतकभर चालूच राहिले. म्हणजे ज्या शांततेला आपण निसर्गरम्य म्हणतो, तिच्या मुळाशी माणसे नाहीशी होणे आहे.

याच जमिनीवर हौसेने दिवसभर थकायला येणे बरे की वाईट, याचा मी सायकलवर आणि नंतरही पुष्कळ विचार केला. त्या माणसांच्या कष्टांशी स्वतःच्या थकव्याची बरोबरी करणे हा उद्धटपणा होईल. माझ्या थकव्याला शेवटची रेषा होती, ठरावीक अंतरावर खाणे होते, नकोसे झाले तर सोडून देण्याची मुभा होती. त्यांना यांतले काहीच नव्हते. पण हा फरक मला उमगला तोही चढावरच. पोटात काही टिकत नसताना, मांड्या जळत असताना रस्त्याकडेचे एक पडके घर दिसले आणि ‘उपाशीपोटी हा डोंगर चढणे’ ही कल्पना माझ्यासाठी पुस्तकातली राहिली नाही. मोटारीच्या काचेतून तेच घर मला छान दिसले असते.

पाहण्याच्या या दोन तऱ्हांची गाठ केनमेअरनंतर पडते. मॉल्स गॅपचा शेवटचा चढ संपला की रस्ता किलार्नीकडे उतरू लागतो आणि वाटेत लेडीज व्ह्यू लागतो. १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणी किलार्नीला आली, तेव्हा तिच्या परिवारातल्या स्त्रियांना इथून दिसणारी सरोवरे फार आवडली, नाव तेव्हापासूनचे. त्याच्याही शंभर वर्षे आधीपासून जमीनदारांनी किलार्नीला पाहुणे आणायला सुरुवात केली होती. उभे राहायचे, पुढे दरी, मधे पाणी, मागे डोंगर, आणि पाहणारा चौकटीबाहेर. आजही तिथे बसगाड्या थांबतात. मी तिथून गेले तेव्हा दीडशेहून अधिक किलोमीटर मागे पडले होते आणि नजर पुढच्या पाचसात मीटर ओल्या डांबरावर खिळली होती. आयर्लंडमधल्या सर्वाधिक छायाचित्रे काढल्या जाणाऱ्या देखाव्यांपैकी एक डाव्या अंगाला पसरला होता, मी तो पाहिला नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. त्या उतारावरचा प्रत्येक बाक, खडकाला घासून जाणारी दोन वळणे, झाडी सुरू होताच बदलणारी हवा, मातीचा वास, हे सगळे आजही माझ्या मनगटांत आहे. देखावा दुसऱ्या दिवशीही पाहता येतो.

धावण्याबद्दल मी थोडेच लिहीन. शेवटच्या तासांत प्रत्येक मॅरेथॉन सारखीच असते. पण उद्यानाविषयी सांगितले पाहिजे. १९३२ मध्ये मक्रॉसची जहागीर तिच्या मालक कुटुंबाने राष्ट्राला देऊन टाकली आणि त्यातून आयर्लंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. जुनी ओकची जंगले, त्यांच्यावर पसरत चाललेले परके रोडोडेंड्रॉन, ते उपटायला येणारे स्वयंसेवक, २००७ पासून नॉर्वेहून पिल्ले आणून पुन्हा वसवलेले पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड. वाटांवर जॉन्टिंग कार म्हणतात ते घोड्याचे टांगे चालतात, त्यामुळे धावताना लिदीचा वास सोबत असतो. संध्याकाळी लाल हरणे कुरणात उतरली. पुढचे धावपटू तोवर आंघोळ करून जेवायला बसले असतील. त्यांना ती दिसली नसणार. मागे राहिलेल्यांना या शर्यतीत अधिक मिळते असे मी अगदी मनापासून म्हणते. पहाटेचे धुके, दुपारचा वारा, संध्याकाळची हरणे, एका दिवसातली जमिनीची सगळी रूपे त्यांच्या वाट्याला येतात.

दुसऱ्या दिवशी लंगडत मक्रॉसच्या यू वृक्षांच्या राईत गेले. उघड्या चुनखडकावर, जवळजवळ मातीशिवाय, शेवाळाच्या जाड थरातून ती झाडे उभी आहेत. पलीकडे थोड्याच अंतरावर वालुकाश्म सुरू होतो आणि ओक लागतात. खडक बदलला की जंगल बदलते.

या सगळ्यातून माझ्या मनात आपल्याकडच्या शर्यतींचा विचार घोळत राहिला आहे. दर वेळी परक्या बेटाचे मोजमाप आपल्या किनाऱ्यावर बसवायची गरज काय? मुंबईत संक रॉक ते गेटवे ही पाच किलोमीटरची समुद्रातली पोहण्याची शर्यत वर्षानुवर्षे होत आली आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीला मोठी परंपरा आहे आणि बोरघाट तिचा कस पाहतो. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची. कॉलिन्स यांनी जोडल्या तशा या तिन्ही एकामागून एक जोडल्या, तर बंदरातल्या खाऱ्या पाण्यातून निघून, पनवेल-खोपोलीची उष्ण सपाटी ओलांडून, घाट चढून, माणूस आपल्या पायांनी दख्खनच्या पठारावर येईल. वाहतूक, परवानग्या, बंदरातली जहाजे, अडचणी डोंगराएवढ्या आहेत, हे मी जाणते. दरसाल झाली नाही तरी चालेल. कोणी ती आखायला घेणार असेल, तर मी पोहायला येते.