भाकीत आणि निष्ठा

आपला संघ हरणार, असे भाकीत क्रीडासमीक्षकाने वर्तविले की चाहत्यास तो स्वतःचाच अपमान वाटतो. हा रोष न्याय्य आहे काय?

अमेरिकेतील बास्केटबॉलच्या २०१६ सालच्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट संघ क्लीव्हलँडविरुद्ध ३-१ असा पुढे होता. त्या हंगामात त्याने ८२ पैकी ७३ साखळी सामने जिंकले होते. शिवाय अंतिम मालिकेत असे मागे पडलेले पूर्वीचे बत्तीसही संघ अखेर हरले होते. क्लीव्हलँडचा पराभव वर्तविण्यात वैर नव्हते, केवळ हिशेब होता. तथापि उरलेले तिन्ही सामने क्लीव्हलँडने जिंकले. व्यावसायिक खेळातील मोठे विजेतेपद त्या नगरास ५२ वर्षांनी लाभले.

अशा वेळी चाहता समीक्षकास मूर्ख ठरवितो. परंतु तो हिशेब खरा होता, म्हणूनच विजय असामान्य ठरला, हे तो विसरतो. दावा दुबळा आहे असे स्पष्ट सांगणारा वकील पक्षकाराचा शत्रू नसतो. आणि दावा जिंकला म्हणून तो सल्ला अप्रामाणिकही ठरत नाही.

समीक्षकाने सत्याशी इमान राखावे, चाहत्याने संघाशी. अनुकूल भाकितावाचून जी तग धरीत नाही, तिला निष्ठा म्हणावे तरी कसे?