बियाणे कोणाचे?

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवार, २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी वेलंकणीच्या किनाऱ्यावर समुद्र चढून आला. आपल्या धर्मग्रामांतून जे भाविक तेथे जातात त्यांना तो किनारा व दुकानांची ती रांग परिचित आहे. किती यात्रेकरू त्या पाण्यात गेले, हे आपण हळहळत ऐकले. परंतु त्याच नागपट्टिनम जिल्ह्यात समुद्र शेतांतही शिरला होता. ती कथा मात्र आपल्यापर्यंत फारशी पोहोचली नाही.

खार म्हणजे काय, हे वसईच्या किंवा गोव्याच्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. खाजणाचा बांध फुटला की काय होते, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. म्हणून तर त्यांनी कोरगुटसारखे खाऱ्या मातीत तगणारे भात जपले. मातीत सोडियम भरला की तिचे कण आवळून बसतात; शेतात पाणी उभे असते आणि रोप तहानेने वाळते. नागपट्टिनमला आधी समुद्राने टाकलेला गाळ खरवडावा लागला. जिप्सम घालून, बांध घालून पावसाचे पाणी साठवायचे व क्षार घेऊन ते सोडून द्यायचे, धैंचा पेरून तो फुलण्याच्या सुमारास जमिनीत गाडायचा, असे ते धिम्या गतीचे काम होते. सेंद्रिय शेतीचे पुरस्कर्ते जी. नम्माळवार (१९३८–२०१३) तेथील शेतकऱ्यांबरोबर या कामात उतरले. १९५८ चे शांततेचे नोबेल मिळालेले बेल्जियमचे डोमिनिकन धर्मगुरू डोमिनिक पिर यांनी स्थापिलेल्या संस्थेत त्यांनी पूर्वी काही वर्षे घालवली होती. विकत आणलेल्या वस्तूंवर शेतकऱ्याने कमीत कमी विसंबावे, हा विचार तेथेच त्यांच्या मनात रुजला.

आमच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो येथे. दान देणाऱ्याने घेणाऱ्याला कोठवर धरून ठेवावे?

उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायातील योसेफाची कथा आपण प्रवचनांत क्वचितच ऐकतो. दुष्काळात मिसरच्या लोकांनी धान्यासाठी प्रथम पैसा दिला, मग गुरे दिली, शेवटी शेते दिली आणि स्वतःलाही देऊ केले. योसेफाने त्यांना बियाणे दिले व पिकाचा पाचवा हिस्सा फारोचा ठरवला. आपण आमचे प्राण वाचवलेत, असे लोक कृतज्ञतेने म्हणाले. ते खरेच होते. भुकेल्याला थांब म्हणता येत नाही आणि योसेफ नसता तर ती माणसे उरलीच नसती. तरीही ती वाचली ती दुसऱ्याची होऊन.

तांदळाचे पोते आणि बियाण्याचे पोते दिसायला सारखेच. पण तांदूळ शिजला की देणे संपते. बियाण्याचे तसे नाही. जे बी दर हंगामाला पुन्हा विकत घ्यावे लागते, ते फुकट वाटणाऱ्याने पुढल्या वर्षीचे ऋणही त्या पोत्यात घातलेले असते. मदत करणारा बहुधा हे जाणूनबुजून करीत नाही. त्याला घाई असते, आणि अहवालात हिरवे शेत दाखवायचे असते. आमच्या मदतफेऱ्यांनाही ही घाई नवी नाही.

यात सर्वांत मागे राहतो तो मजूर. नुकसानभरपाई जमिनीच्या कागदावर चालते. ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही त्याचे काय बुडाले, हे कोण मोजणार? शेत पडीक असेल तितके दिवस त्याची रोजी बंद. लेवीयाच्या पुस्तकात शेताच्या कडा कापू नयेत अशी आज्ञा आहे, ती अशाच माणसासाठी. पण ज्या शेतात पीकच नाही, त्याच्या कडेला काय उरणार? शेत पुन्हा उभे करण्याच्या खर्चात बांध घालणाऱ्या या हातांची मजुरी आधी धरली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

योसेफाच्या त्या अध्यायात आणखी एक बारीक तपशील आहे. सर्वांच्या जमिनी गेल्या. याजकांची मात्र फारोने घेतली नाही, कारण त्यांना राजाकडून शिधा मिळत होता. त्या वाक्यापाशी आम्ही दर वेळी अडखळतो.