व्रण, प्रकाश आणि न्याय

जो रोग सहसा जिवावर बेतत नाही, त्याच्यासाठी महागडे विज्ञान राबवावे काय? त्वचेच्या लिशमॅनिॲसिसचा विचार करताना हा प्रश्न आम्हांस टाळता येत नाही. वाळूमाशीच्या दंशातून शिरणारा हा परजीवी चेहऱ्यावर, हातापायांवर चिघळता व्रण उठवतो. पूर्वी त्याला ‘दिल्ली फोड’ म्हणत. राजस्थानच्या बिकानेर भागात तो आजही आढळतो. पुष्कळदा तो काही महिन्यांनी आपणहून भरतो, परंतु वण जन्मभर राहतो.

अँटिमनीची इंजेक्शने हा जुना उपाय. ती वेदनादायक, आणि हृदयालाही जपावे लागते. म्हणून संशोधक प्रकाशाकडे वळले. परजीवी लपतो तो जंतू गिळणाऱ्या पेशींतच, आणि त्याच पेशी नॅनोकणही गिळतात. कणांतील रंजकावर ठरावीक रंगाचा प्रकाश पडला की तेथील प्राणवायू उग्र रूप धारण करून परजीवीस मारतो. जेथे प्रकाश, तेथेच औषध जागे होते. नॅनोकणांचे हे काम अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. आपल्या अन्नपूर्णा परिसरापासून फार दूर नसलेल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही हरितद्रव्यापासून केलेले रंजक आणि प्रकाश यांचे प्रयोग उंदरांच्या जंतुबाधित जखमांवर झाले आहेत.

क्षय आणि हिवताप माणसे मारतात, पैसा आधी तिकडे जावा, हा आक्षेप वजनदार आहे. पण केवळ मृत्यू मोजणारा तराजू अपुरा आहे. स्थळे पाहताना चेहऱ्यावरचा एक डाग किती बोलून जातो, हे आपल्या घरांना ठाऊक आहे. बिकानेरच्या खेड्यातील मुलीला तो डाग कमी बोचत असेल काय?

तेव्हा या रुग्णांचा विज्ञानावर हक्क आहेच, असे आमचे मत आहे. मात्र महाग दिवा शहरात आणि व्रण वाळवंटात राहिला, तर तो हक्क कागदावरच राहील. जेरुसलेमच्या वैद्यांनी नॅनोकणांवाचून, रंजक निर्माण करणारे मलम आणि साधे ऊन यांवर असे अनेक व्रण बरे केल्याचे २०१५ साली प्रसिद्ध केले. ऊन तर बिकानेरला उदंड आहे. उपाय रुग्णाच्या अंगणात चालेल काय, हा प्रश्न संशोधनाच्या आरंभीच विचारावयास हवा. अन्नपूर्णेच्या हातातील पळी पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत पोहोचते. विद्येचीही तशीच पोहोचावी.