अडथळा दूर करणे हे कारण ठरते का?

एखाद्या कार्याच्या आड येणारी वस्तू दूर केली, तर ते दूर करणे त्या कार्याचे कारण मानावे की नाही, हा भारतीय दर्शनांतील कारणविचाराचा एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. गाडीची ताकद वाढवताना तिची इंधननळी बदलली जाते, तेव्हा हाच प्रश्न फार स्वच्छ रूपात समोर येतो.

टोयोटाच्या सुप्रा मोटारीची जी पिढी 1993 साली बाजारात आली, तिच्यात 2जेझेड-जीटीई हे तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे आणि दोन टर्बोचार्जरांचे इंजिन मिळे. टर्बोचार्जर म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र. अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाडीत हे इंजिन सुमारे 320 अश्वशक्ती देई; परंतु त्याचा ब्लॉक बिडाचा आणि भक्कम असल्यामुळे मोठा टर्बो बसवून त्यातून दुप्पट-तिप्पट ताकद काढण्याचा प्रघात हौशी मंडळींत पडला. हवा वाढली की त्याच प्रमाणात इंधनही वाढवावे लागते, आणि नळीतला प्रवाह दुप्पट झाला की घर्षणाने होणारी दाबाची घट जवळजवळ चौपट होते. इंजेक्टरपाशी दाब पडला की फवारा कमी होतो, मिश्रणात हवेच्या मानाने इंधन अपुरे राहते, ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटून ठोके पडू लागतात आणि प्रसंगी पिस्टनचा माथाच वितळतो. म्हणून मूळची अरुंद नळी काढून एएन-8 मापाची, म्हणजे अर्ध्या इंचाची, नळी टाकतात (या मापातील आकडा इंचाचे सोळावे भाग सांगतो). अल्कोहोलमिश्रित ई85 वापरायचे असल्यास ती टेफ्लॉनच्या अस्तराची घेतात, कारण साध्या रबराला ते इंधन सोसत नाही. नळी बदलल्यावर गाडीची ताकद वाढते, पण नळी स्वतः एक अश्वशक्तीही निर्माण करत नाही.

योगसूत्रांच्या कैवल्यपादातील तिसरे सूत्र अशा ठिकाणी शेतकऱ्याचा दाखला देते: शेतकरी पाणी ढकलत नाही, तो बांध फोडतो आणि पाणी आपल्या ओढीने वाफ्यात उतरते. यामागे सत्कार्यवाद आहे, म्हणजे कार्य कारणात आधीपासूनच अव्यक्त रूपाने असते हे सांख्य-योगांचे मत. इंजिनात ताकद दडलेलीच आहे, फक्त वाट मोकळी करायची आहे, असे म्हणणारा मेकॅनिक नकळत याच पक्षाचा असतो.

नैयायिकांना हे मान्य होणार नाही. त्यांच्या मते कार्य नव्याने उत्पन्न होते आणि ते कारणसामग्रीतून, म्हणजे सगळी कारणे एकत्र जुळल्यावर होते. या सामग्रीत प्रतिबंधकाचा अभावही मोडतो. त्यांचे ठरलेले उदाहरण अग्नी आणि मणी यांचे आहे. विशिष्ट मणी जवळ ठेवला की अग्नी जाळत नाही. मण्यामुळे अग्नीतील शक्ती नष्ट होते असे म्हणून मीमांसकांनी शक्ती हा स्वतंत्र पदार्थ मानला. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ती कल्पना अनावश्यक ठरवली आणि मण्याचा अभाव हेच दाहाचे एक कारण मानले. पुढे असेही लक्षात घेतले गेले की मणी तिथेच असला तरी दुसरी एखादी वस्तू, म्हणजे उत्तेजक, जवळ आली की दाह होतो. नळी अरुंदच ठेवून दमदार पंप बसवला आणि काही मर्यादेपर्यंत इंधन पुरले, तर त्या पंपाचे काम उत्तेजकाचेच असते.

येथे न्यायाचा पक्ष उजवा वाटतो, कारण 320 अश्वशक्तीच्या गाडीत तीच नळी अडथळा नव्हती. बांध पाणी येण्याआधीही बांधच असतो. नळी मात्र मागणी वाढल्यावरच प्रतिबंधक ठरली. मग दडलेली ताकद नेमकी किती मानायची? टर्बो, पंप, इंजेक्टर आणि नळी यांची जुळणी ठरल्याशिवाय तो आकडा सांगताच येत नाही. ब्लॉकचा भक्कमपणा आधीपासून होता हे खरे, पण तो सामग्रीतला एक घटक झाला.

तरीही ‘अडथळ्याचा अभाव’ हे उत्तर सरसकट लावता येत नाही. जादा इंधन टाकीकडे परत नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी दाबनियंत्रक असतो, आणि तो त्या परतीच्या वाटेत मुद्दाम अडथळा निर्माण करूनच इंजेक्टरपाशी हवा तो दाब टिकवतो. तो अडथळा काढून टाकला तर बहुतेक इंधन टाकीकडेच पळेल आणि फवारा मंदावेल. म्हणजे परतीच्या प्रवाहाला जो प्रतिबंधक, तोच फवाऱ्याचे कारण.