पास्काची मेणबत्ती आणि आमच्या घरचा ईस्टर





दरवर्षी एक गोष्ट आपल्या सर्वांच्या नजरेस येते. शुभ शुक्रवारी नागपूरच्या भर उन्हातही चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. शनिवारच्या रात्रीच्या जागरण विधीला मात्र मागचे बाक रिकामे दिसतात. विधी लांबतो, मुले पेंगतात, सकाळच्या मिस्साला जाऊच, असे आपण म्हणतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच म्हणत आलो. दुःख आपल्याला लवकर समजते. पुनरुत्थानावर विश्वास ठेवायला मात्र मन तयार करावे लागते. हे आम्ही कसे शिकलो, ते आज थोडक्यात सांगावेसे वाटते.

सन २०२१ चा पवित्र आठवडा आपण कोणीच विसरलेलो नाही. कोरोनाची दुसरी लाट नागपुरात शिगेला पोहोचत होती. आपल्या धंतोलीत गल्लोगल्ली इस्पितळे. रात्रभर अॅम्ब्युलन्सचा आवाज थांबत नव्हता. आमचे बाबा त्याच दिवसांत आजारी पडले आणि पवित्र शनिवारी, ३ एप्रिलला, प्रभूच्या घरी गेले. शेवटच्या क्षणी त्यांचा हात हातात घेता आला नाही. शवपेटी चर्चमध्ये नेता आली नाही. दफनाच्या वेळी मोजकीच माणसे, तीही लांब लांब उभी.

दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. आम्ही घरातच कोंडलेले. मोबाईलवर मिस्सा लावली, पण आल्लेलुया सुरू झाले तेव्हा कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. शेवटी फोन बंद केला. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही देवावर रुसलो होतो.

दुपारी फाटकाचा आवाज झाला. शेजारच्या काकूंनी पायरीवर डबा ठेवला होता आणि त्या लांब उभ्या होत्या. डब्यात पिठलं-भात होता आणि वरच्या छोट्या वाटीत शिरा. काकू म्हणाल्या, "दुःखाच्या घरी गोड पाठवत नाहीत, हे ठाऊक आहे मला. पण आज तुमच्या देवाचा सण आहे ना, म्हणून चमचाभर ठेवला. दोन घास खाऊन घ्या." आम्ही खायला बसेपर्यंत त्या फाटकापाशीच थांबल्या. संध्याकाळी बातम्यांत पुन्हा नवे निर्बंध जाहीर झाले. पण त्या दिवशी घरात ईस्टर आला असेल, तर तो त्या डब्यातूनच आला.

पुढच्या वर्षी, १६ एप्रिल २०२२ रोजी, आम्ही प्रथमच घरातील सर्वजण मिळून जागरण विधीला गेलो. गुढीपाडव्यापासून राज्यातील निर्बंध उठले होते. योगायोगाने त्याच दिवशी हनुमान जयंती होती. वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी आपण ईस्टर साजरा करतो, त्यामुळे चैत्री पौर्णिमा आणि आपला सण पुष्कळदा जवळजवळ येतात. त्या रात्री आकाशात पूर्ण चंद्र होता आणि चर्चच्या आत पूर्ण अंधार.

बाहेर नवा अग्नी पेटवला गेला. फादरांनी पास्काच्या मेणबत्तीवर क्रूस कोरला, ग्रीक वर्णमालेतील पहिले आणि शेवटचे अक्षर कोरले, चालू वर्षाचे चार आकडे कोरले आणि प्रभूच्या पाच जखमांची आठवण म्हणून धूपाचे पाच खडे खोवले. त्या एका ज्योतीवरून शेजाऱ्याची, त्याच्यावरून आपली, असे करता करता सारे चर्च उजळले. तेव्हा लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली एक गोष्ट आठवली. हीच मेणबत्ती पेन्टेकॉस्टपर्यंत वेदीजवळ राहते, बाळाच्या स्नानसंस्काराच्या वेळी पेटते आणि आपली शवपेटी चर्चमध्ये येते तेव्हा तिच्याजवळही पेटते. बाबांच्या वाट्याला ती आली नव्हती, हे शल्य वर्षभर मनात होते. त्या रात्री हातातली छोटी मेणबत्ती धरून आम्ही मनात म्हणालो, बाबा, ही तुमचीही. आणि मग आल्लेलुया म्हणता आले. रडतच, पण म्हणता आले.

बंधुभगिनींनो, शुभवर्तमाने नीट वाचली तर पहिला ईस्टर काही हसत-खेळत झाला नव्हता. पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या स्त्रियांना कबरेवरची धोंड कशी हलणार याचीच काळजी होती. संत मार्क सांगतो की रिकामी कबर पाहून त्या भिऊन पळाल्या. मरिया माग्दालिया रडत होती. प्रभूने नावाने हाक मारली तेव्हाच तिने त्याला ओळखले. एम्माऊसचे दोघे निराश होऊन घरी निघाले होते. भाकर मोडली गेली तेव्हा त्यांचे डोळे उघडले. थोमाला तर आठ दिवस लागले. आणि विशेष म्हणजे पुनरुत्थित प्रभूच्या देहावर जखमांच्या खुणा तशाच होत्या. पुनरुत्थानाने जखमा पुसल्या नाहीत. त्या जखमांना हरवू दिले नाही. म्हणून ज्यांच्या घरी यंदा एक खुर्ची रिकामी आहे, त्यांनी ईस्टर आपला नाही असे समजू नये. तो आधी त्यांचाच आहे.

आणखी एक सांगायचे आहे. उपवासकाळाचे चाळीस दिवस आपण काटेकोर पाळतो. कोणी मांस सोडतो, कोणी चहा. पण पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा असतो, याची आठवण ईस्टरची अंडी संपली की राहत नाही. चाळीस दिवस सोडण्याचे असतील, तर पन्नास दिवस देण्याचे का नसावेत?

आपल्या धंतोलीत त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. विदर्भातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून आलेले रुग्णांचे नातेवाईक भर उन्हात इस्पितळांबाहेर, झाडाखाली, फूटपाथवर बसलेले असतात. आतली धोंड कोण हलवणार, हाच प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असतो. ती हलवणे आपल्या हाती नाही. पण माठातले गार पाणी, ग्लासभर मठ्ठा, डबाभर जेवण आणि दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसणे तर आपल्या हाती आहे. ते कोणत्या धर्माचे, हे विचारण्याचे कारण नाही. काकूंनी तरी आम्हांला कुठे विचारले होते!

गेली काही वर्षे ईस्टरच्या दिवशी आमच्या घरी शिरा होतो. पहिली वाटी काकूंकडे जाते. उरलेल्यातला मोठा वाटा डब्यात भरून आम्ही बाहेर पडतो.

हे पुनरुत्थित प्रभो, आमच्या घरांतील मिटलेली दारे तू ओलांडून ये. जे रडत आहेत त्यांना नावाने हाक मार. आमच्या हातांतील ज्योत शेजाऱ्यापर्यंत पोहोचू दे. आमेन.

आपणा सर्वांना पुनरुत्थान सणाच्या हार्दिक शुभेच्छा! आल्लेलुया!

– धंतोलीतील एक कुटुंब